वडोदऱ्याहून नरारा-खिजडिया: ओहोटी न चुकवता कसं जायचं

दर हिवाळ्यात वडोदऱ्यातून गाड्या भरभरून मंडळी जामनगरकडे निघतात. नराऱ्याला प्रवाळ बघायचे, खिजडियाला पक्षी बघायचे आणि जमलं तर द्वारका करून परत, असा बेत असतो. परत आल्यावर बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच: एवढं पावणेचारशे किलोमीटर गेलो आणि तिथे नुसतं पाणी! पाणी असणारच. नरारा हा कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचा चिखल, वाळू आणि प्रवाळ-खडकांचा सपाट पट्टा आहे. दिवसातून दोनदा तो समुद्राखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. तो उघडा असताना तुम्ही तिथे हवेत. बाकी हॉटेल, गाडी, कॅमेरा हे सगळं त्या वेळेला बांधलेलं असावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: आधी हॉटेल बुक होतं, आणि ओहोटी किती वाजता ते गेटवर पोचल्यावर विचारलं जातं.

१. तारीख: आधी तिथी, मग सुट्टी

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती खूप वर चढते आणि ओहोटीला पाणीही तितकंच लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. नराऱ्याचा जो भाग बघायला जायचं, तो भांगाच्या ओहोटीत बराचसा पाण्याखालीच राहतो.

सगळ्यांत मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशीच येतं असं नाही, बहुधा ते एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून प्रतिपदा ते तृतीया हे दिवस धरा. वद्य पक्षात संकष्टी उजाडली की उधाण ओसरायला लागलं समजा.

आता सुट्ट्यांशी मेळ घालू. दिवाळीचा पाडवा आणि भाऊबीज अमावस्येला लागूनच येतात, त्यामुळे ओहोटीच्या दृष्टीने ते दिवस उत्तम. पण गर्दी बेसुमार असते, शिवाय स्थलांतरित पक्षी तोवर पूर्ण संख्येने आलेले नसतात. त्रिपुरी पौर्णिमेनंतरचे दिवस त्याहून बरे. माझं मत विचाराल तर दत्तजयंतीनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत चांगले: थंडी पडलेली, पक्षी स्थिरावलेले आणि शाळेच्या सहली अजून कमी. महाशिवरात्रीनंतरची अमावस्याही चालते. होळी पौर्णिमेलाच असते, पण तोवर ऊन कडक झालेलं असतं आणि बरेच पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात.

फसगत होते ती उत्तरायण आणि २६ जानेवारीला. दिवाळी, दत्तजयंती, महाशिवरात्र चंद्रावर चालतात. १४ जानेवारी चालते सूर्यावर आणि २६ जानेवारी सरकारी कॅलेंडरवर. त्या दिवशी कुठली तिथी येईल ते दर वर्षी बदलतं. गेल्या वर्षी शेजारी उत्तरायणाला गेले आणि त्यांना सगळं दिसलं, म्हणून यंदा तुम्हालाही दिसेल असं धरून चालू नका.

पावसाळ्यात नरारा बंद असतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा.

तपासा: तुमची तारीख शुद्ध किंवा वद्य पक्षातल्या सप्तमी ते दशमीत पडते का? पडत असेल तर हॉटेलला फोन करू नका, तारीख बदला.

२. भरती-ओहोटीचा तक्ता वाचा

तिथीवरून दिवस ठरतो, पण वेळ ठरत नाही. कोकणातल्या घरांमधला जुना हिशेब, म्हणजे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची, मुंबईकडे चालतो. इथे तो लावू नका. कच्छच्या आखातात भरती तोंडाकडून आत सरकत जाते. ओख्याला ती आधी येते, सिक्क्याला त्यानंतर आणि कांडल्याला आणखी उशिरा. नराऱ्यासाठी जवळच्या वाडीनार किंवा सिक्का बंदराचा तक्ता घ्या. मोबाईलवरच्या भरती-ओहोटीच्या अ‍ॅपमध्ये ही ठिकाणं मिळतात.

तक्त्यात तीन गोष्टी बघा.

पहिली, ओहोटीची वेळ. सकाळी सात ते दहाच्या दरम्यानची ओहोटी सगळ्यांत सोयीची. ती दर दिवशी साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा एका दिवसाच्या वेळेवरून परवाचा अंदाज बांधता येतो.

दुसरी, पाण्याची उंची. ही कोणी बघतच नाही. ओहोटीसमोर मीटरमध्ये आकडा असतो. तो एक मीटरच्या आसपास किंवा खाली असेल तर भरपूर मैदान उघडं पडतं. दीड-दोनच्या घरात असेल तर जाण्यात अर्थ नाही. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांचे आकडेही सारखे नसतात. सकाळची कमी उतरणारी आणि संध्याकाळची चांगली, किंवा उलटंही असू शकतं. म्हणून दोन्ही आकडे वाचा.

तिसरी, वेळ भारतीय आहे का? काही परदेशी तक्ते ग्रिनिच वेळ दाखवतात. तिथे साडेपाच तासांचा घोळ झाला की ओहोटीऐवजी थेट भरती गाठाल.

याच तक्त्यावर खिजडियाचीही वेळ ठरते, आणि हे मात्र कोणी सांगत नाही. ओहोटीला किनाऱ्यावरचे पक्षी लांबवर पांगून चिखलात चरत असतात. भरतीने ते मैदान बुडालं की थवे आत सरकतात आणि मिठागरांवर, उथळ पाण्यात, बांधाच्या आसपास गोळा होऊन विसावतात. तेव्हा नराऱ्याला ओहोटी आणि खिजडियाच्या खाऱ्या बाजूला (बांधापलीकडच्या खाजण-मिठागरांकडे) भरती, असा जोड धरा. तक्ता कागदावर उतरवून घ्या. नराऱ्याच्या मैदानात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

३. वढवाण्याला सराव

दुर्बीण नवी असेल, किंवा घरातल्या कोणी ती कधी डोळ्याला लावली नसेल, तर आधी एखाद्या रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जाऊन या. बडोदा संस्थानाच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे बदकांची रेलचेल असते आणि घरून निघून जेवायला परत येता येतं.

सराव एवढाच: नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा आणि फोकस करा. खाली बघून दुर्बीण लावली की पक्षी हरवतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण घरातल्या सगळ्यांना पुरते. जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं. वारकरी, शेकाट्या, तलवार बदक, थापट्या एवढे चार ओळखता आले, तरी खिजडियाला पहिला अर्धा तास "हा कुठला, तो कुठला" यात जाणार नाही.

४. परवानगी, गाइड, मुक्काम

दोन्ही जागा वनखात्याच्या ताब्यातल्या आहेत. नरारा ज्या सागरी अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात येतं, त्याची घोषणा १९८० आणि १९८२ साली झाली, आणि देशातलं ते पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवेशासाठी प्रत्येकाचं फोटो असलेलं ओळखपत्र मूळ प्रतीत ठेवा. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं पडू शकतं. निघण्यापूर्वी जामनगरच्या वन कार्यालयात फोन करून त्या आठवड्यात प्रवेश चालू आहे ना, वेळा काय आहेत आणि परवानगी कुठे मिळेल ते विचारा.

नराऱ्याला स्थानिक गाइड घ्याच. त्यांतले बरेच जण किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांतले असतात आणि कुठल्या खड्ड्यात काय दडलंय ते त्यांना पाठ असतं. आदल्या दिवशी फोन करा आणि थेट गुजरातीत विचारा, "काले ओट केटला वागे छे?" त्यांनी सांगितलेली वेळ आणि तुमच्या कागदावरची वेळ यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर गाइडचं ऐका.

मुक्काम जामनगरला करा. तिथून खिजडिया बारा-एक किलोमीटर राजकोटच्या बाजूला आहे, नरारा साठेक किलोमीटर द्वारकेच्या बाजूला. दोन्ही एका सकाळी उरकायचा हट्ट धरू नका. रस्त्याने गेलात तर तारापूर, बगोदरा, लिंबडी, राजकोट करत सात तास तरी धरा. रेल्वेने जायचं तर मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल वडोदरा आणि जामनगर दोन्हीकडे थांबते. ड्रायव्हर रात्रभर जागा असेल तर पोचल्या दिवशी पहाटेची ओहोटी गाठायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशीची धरा.

आखातातलं पिरोटन बेट पहिल्या फेरीत डोक्यात आणू नका. तिथे होडी, वेगळ्या परवानग्या आणि भरतीवर बांधलेला परतीचा प्रवास, असं मोठं प्रकरण आहे.

५. सामान

सगळ्यांत महत्त्वाचे बूट. लेसवाले, जाड तळव्याचे, जुने, भिजले तरी चालतील असे. सॅंडल, क्रॉक्स, चप्पल नको. चिखल त्यांना पायातून ओढून घेतो आणि अनवाणी पाय खडकावरच्या शिंपल्यांनी ब्लेडसारखा कापला जातो. चांगले बूट नासवायची इच्छा नसेल तर मंगळ बजारातून साधे कॅनव्हासचे घेऊन जा. मोजे घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पटकन वाळणारी पॅंट (जीन्स भिजली की पायात मणाचं ओझं होतं) आणि दोरीची टोपी घ्या, वारा भलताच असतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर जरूर न्या. पाण्यावरची चमक कापली जाऊन तळ स्वच्छ दिसतो. माणशी दीड लिटर पाणी. मोबाईलला प्लास्टिकची बंद पिशवी, गळ्यात अडकवलेली. खाणं गाडीतच राहू द्या. मैदानात आडोसा नाही आणि स्वच्छतागृहही नाही, ते आधीच उरका.

खिजडियासाठी कपडे मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे. पांढरा झब्बा घालून बांधावर उभे राहिलात तर सगळा तलाव तुम्हाला बघतो.

६. नराऱ्यावर पाऊल ठेवताना

वेळ अशी बांधा: ओहोटीच्या वेळेआधी पावणेदोन-दोन तास गेटवर हजर, दीड तास आधी चालायला सुरुवात. पाणी उतरत जातं तसं त्याच्या मागे मागे पुढे जायचं. कडेपर्यंत किलोमीटरभर तरी चाल पडते. तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की परतीला लागा, फार तर अर्धा तास जास्त घ्या.

लोक नेमकं इथे चुकतात. "आत्ता तर ओहोटी झालीय, अजून सहा तास आहेत" असं म्हणून थांबतात. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. उधाणाच्या दिवशी इथे चढ पाच मीटरच्या आसपास असू शकतो. म्हणजे तिसऱ्या एका तासात पाणी सव्वा मीटर वाढतं, तेही जवळपास सपाट मैदानावर. आणि ते समोरून येत नाही. ओघळांमधून, खोलगट चरांमधून ते आधी तुमच्या मागे शिरतं, आणि येताना घोट्याएवढा असलेला चर परतताना कमरेएवढा भेटतो.

इशारा: गाइड "चालो" म्हणाला की चालायचं. आणखी एका फोटोसाठी घासाघीस करायची नाही.

पाय ठेवायची शिस्त सोपी आहे: वाळूवर किंवा गाइडच्या पावलांवर. तपकिरी, हिरवट, नक्षीदार, बुळबुळीत दिसणारा दगड जिवंत प्रवाळ असण्याची शक्यता मोठी, त्यावर पाय नाही. जिवंत-मेलेला कळत नसेल तर वाळूच बरी. गढूळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडून बसलेला पाकट मासा तेवढ्याने बाजूला होतो.

बघायची पद्धत आणखी महत्त्वाची. दहा जणांचं टोळकं डबक्यामागून डबकं तुडवत गेलं तर काहीच दिसत नाही. एका डबक्यापाशी बसा, तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हलू नका. आधी फक्त वाळू आणि शेवाळ दिसतं. मग एक दगड श्वास घेतोय असं वाटतं: बाजूचं एक भोक उघडतंय, मिटतंय. तो ऑक्टोपस. बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची रिकामी कवचं पडलेली दिसली की आत तो असणार अशी अटकळ बांधा. सावली हलली की तपकिरी अंग डोळ्यांदेखत वाळूच्या रंगाचं होतं. शेजारी समुद्रफुलाची (सी अ‍ॅनिमोनची) झालर पाण्याबरोबर हलत असते, आणि तिच्यातच एखादी पारदर्शक कोळंबी, जिचे फक्त ठिपके दिसतात. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, नाजूक हातांचे ब्रिटल स्टार, काळपट समुद्रकाकडी, खड्ड्यात अडकलेला पफर मासा हे सगळं न उचलता दिसतं.

न उचलता हा शब्द नीट वाचा. पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवायची खोड काही ठिकाणी आहे, कारण पर्यटक खूश होतात. मासा फुगतो तो घाबरून, त्यात त्याची ताकद संपते. शिवाय त्याच्या अंगात जहाल विष असतं. गाइडने उचलायला हात पुढे केला तर आधीच सांगा, "ना भाई, पाणीमां ज बतावो." आनंदाने ऐकतात. दगड उलटून दाखवला तर तो होता तसाच परत ठेवायला सांगा, खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख रिकामा वाटला तरी उचलू नका, आतला जीव विषारी दंश करू शकतो. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला तुकडासुद्धा खिशात घालणं गुन्हा.

परतताना मान वर करा. चिखलात काळा-पांढरा, जाड चोचीचा क्रॅब प्लोव्हर खेकड्यांमागे धावताना दिसू शकतो. त्याच्यासाठी लोक लांबून येतात, आणि आपण बुटातला चिखल बघत त्याच्या बाजूने निघून जातो.

तपासा: मैदानात उतरताना माणसं मोजलीत ना? परतताना पुन्हा मोजा. मुलं डबक्यापाशी रेंगाळतात, आणि आजोबाही.

७. खिजडिया: बांधाच्या दोन बाजू

हे सगळं घडलं एका बांधामुळे. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून जामनगरच्या नवानगर संस्थानाने तो घातला, आणि नद्यांचं गोडं पाणी अलीकडे साठलं. त्यामुळे एका हाताला गोड्या पाण्याचा तलाव, दुसऱ्या हाताला खाजण, तिवरं आणि मिठागरं. जेमतेम सहा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. इथे तीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

दोन भाग आहेत आणि त्यांची गेटं वेगळी. एकाच भागात शिरून "झालं खिजडिया" म्हणत परतणारे पुष्कळ. गेटवरच विचारा: आज पाणी कुठल्या भागात चांगलं आहे? पाऊस कसा झाला त्यावर हे दर वर्षी बदलतं.

गेट उघडताच आत जा. ऊन चढलं की पाण्यावर वाफ नाचायला लागते आणि महागडी लेन्ससुद्धा धूसर चित्र देते. सूर्य पाठीशी येईल अशी बांधाची बाजू निवडा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. आधी गोडी बाजू: बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, नशिबात असेल तर काळ्या मानेचा करकोचा. मग भरती चढत असेल त्या वेळेला खारी बाजू: रोहित (फ्लेमिंगो), उथळ पाण्यातले छोटे किनारपक्षी, झोळीवाले पेलिकन. संध्याकाळीही एक फेरी ठेवा. दिवसभर शेतांत चरून क्रौंच आणि कांड्या करकोचे पाण्याकडे परततात, ते आधी ऐकू येतात आणि मग दिसतात.

मनोऱ्यावर चढलात तर आवाज खाली ठेवून चढा. बांधावर चालताना रांगेत, कडेने. थव्यातल्या सगळ्या माना एकदम वर आल्या आणि थवा एकाच दिशेला चालायला लागला, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. रोहित उडताना गुलाबी पंख दिसावेत म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे महाभाग भेटतात, त्यांना तोंडावर सांगा. उडालेल्या थव्याचं चरणं तुटतं आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी उगाच खर्च होते. ड्रोन घरी ठेवा.

८. निघण्यापूर्वी

गाडी सुरू करण्याआधी मुलांचे खिसे तपासा. शंख-शिंपले हमखास निघतात. ते गाइडच्या हातात द्या, तो जागेवर टाकेल.

जामनगरात गाडीला वेळ असेल तर लाखोटा तलावावर हिवाळ्यात कुरव पक्षी असतात. तिथे त्यांना गाठिया टाकायची पद्धत पडली आहे. बेसन, तेल, मीठ हे काही त्यांचं अन्न नाही, तुम्ही टाकू नका.

बूट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ तसंच राहिलं तर तळव्याचा गोंद सुटतो आणि पुढच्या उधाणाला बूट मैदानातच तोंड उघडतो. दुर्बीण नुसती पुसू नका: आधी फुंकून किंवा ब्रशने वाळू काढा, मग ओलसर कापड. वाळूसकट पुसली तर काचेवर कायमचे चरे.